आधी निजवायचं

पत्रा कापायचं मशीन अडलं ते नेमकं नांगरट उरकून लोक अवजारांकडे वळतात त्या दिवसांत. मशीन म्हणजे तसं धडधाकट होतं. पलंगाएवढं लोखंडी टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा दांडा आणि दांड्याला ज्योत सोडणारं तोंड. बिघडला होता तो त्याला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, पडद्यावर एक खूण यायची आणि मग नुसता काळोख. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहायची.

"अजून एकदा बघतो," असं म्हणत आमच्या ह्यांनी सकाळपासून ते बटण किती वेळा दाबलं असेल कोण जाणे.

"बटण झिजेल," आई म्हणाल्या. सासूबाई वर्कशॉपच्या दारात बसून कापलेल्या पात्यांच्या कडा कानशीनं घासत होत्या. "एवढं मोठं धूड, आणि अक्कल सगळी त्या डब्यात. डबा बसला की धूड बसलं."

तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, नाक चोळलं आणि सांगितलं, की ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर केलं ती आता राहिलेली नाही. त्याचं कुलूप उघडणारं कुणी नाही. नवीन घ्यायचं तर डबा नवीन, कार्ड नवीन, सगळंच नवीन. "आणि ह्याच्या आतलं?" ह्यांनी विचारलं. आत ह्यांनी लग्नाआधीपासून काढलेले सगळे नमुने होते. कोळप्याची पाती, फाळ, पेरणीयंत्राचे दाते. कुणाच्या काळ्या जमिनीला बाक जास्त, कुणाच्या मुरमाड रानाला टोक जाड. मेकॅनिकनं खांदे उडवले. "चकती, म्हणजे हार्ड डिस्क, गेली असेल तर गेलं म्हणायचं."

त्या दुपारी आबांनी हातानं चालवायचा जुना गॅसकटर खुंटीवरून उतरवला.

आबा म्हणजे माझे सासरे. मशीन यायच्या आधी ह्या घराचं सगळं काम त्यांच्या हातावर चालायचं. आता ते खाली उकिडवे बसले, पत्र्यावर खडूनं रेघ मारली आणि कटर पेटवला. मी आमच्या लेकीला, चिमीला, कडेवर घेऊन लांब उभी राहिले. ठिणग्या पायाशी पडत होत्या. रेघ सरळ होती, ज्योत मात्र थरथरत जात होती. पातं सुटून पडलं तेव्हा त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. आबांनी ते उचललं, बघितलं आणि आईंच्या समोर घासायला टाकलं. आईंनी ते ढिगाच्या खाली सरकवलं.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाले काका आले. त्यांच्या मागणीची पाती सगळ्यांत जास्त.

"काय आबा, पुन्हा जुन्या धंद्याला लागलात?"

"हात विसरू नयेत म्हणून."

"हातांना आठवतंय ना पण?" काकांनी ढिगातलं नेमकं तेच खालचं पातं उपसलं, बोट फिरवलं आणि हसले. "ह्यानं तण निघेल का तणाला गुदगुल्या होतील?"

आबाही हसले. पण मग त्यांनी हातमोजे काढले नाहीत. हात दिसू नयेत म्हणून, हे मला कळलं.

"बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो," काका जाताना ह्यांना म्हणाले. "नाहीतर शहरातून तयार आणावी लागतील. वाईट वाटून घेऊ नका. रान थांबत नाही."

बाजाराचा दिवस ह्यांनीही धरून ठेवला होता. शहरात मावसभावाच्या कारखान्यात ह्यांच्यासाठी जागा होती, आणि त्या दिवशीच्या बसनं या, नाहीतर दुसरा माणूस घेतात, असा निरोप होता. बॅग माळ्यावरून खाली आली होती. खोली मिळते म्हणे तिकडे. एक खोली, दार थेट रस्त्यावर उघडणारं. चिमी नुकती धावायला लागलेली. मी मनातल्या मनात त्या दाराला कडी लावून बघायची, वर, तिच्या हाताला लागणार नाही इतक्या वर. तरी ट्रकचे आवाज थांबायचे नाहीत. आणि इकडे आबा-आई दोघंच, बंद पडलेल्या धुडाशेजारी.

"तुला काय वाटतं?" हे म्हणाले.

"मला एक फोन करू द्या," मी म्हणाले.

*

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. कायम प्रयोगशाळेत पडून असायची म्हणून तिला आम्ही 'लॅब' म्हणायचो. आता ती कुठल्याशा संस्थेत कॉम्प्युटर सांभाळते. आमच्या घरात रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर येते. मी चिमीला मांडीत घेऊन तिथे बसले आणि लॅबला सगळं सांगितलं.

"लिनक्स टाक," ती म्हणाली, जणू भाजीत मीठ टाक म्हणावं तशी.

"अगं, मी जेमतेम पदवी घेतलीय. तीही इतिहासात."

"मग वाचता येतं ना? बास. हे बघ, लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. पत्रा कापणारी, लाकूड कोरणारी मशीनं चालवायला तिची तयार आवृत्ती मिळते. फुकट. आणि तिला कुलूप नाही. लिहिणाऱ्यांनी आतलं सगळं उघडं ठेवलंय. उद्या एक जण सोडून गेला तर दुसरा पुढे चालवतो. तुमच्यासारखं अडायला होत नाही."

"ह्यांचे नमुने गेलेत गं त्या डब्यात."

"गेलेत कशावरून? मेकॅनिकनं बघितलं? घराचं दार अडकलं म्हणजे आतलं सामान जळत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू कर. जुन्या चकतीला हात न लावता ते चालतं. मग त्यातून चकती उघडून बघ. आधी सामान बाहेर काढायचं, दुरुस्ती मग."

माझा कॉलेजचा लॅपटॉप कपाटात होता. बिजागरी तुटलेला, भिंतीला टेकवून ठेवावा लागणारा. तो ओट्यावर नेला, फोनचं इंटरनेट जोडलं. लिनक्स उतरवून घ्यायला सकाळची दुपार झाली. चिमीनं तोवर सगळ्या ओट्यावर खडूनं रेघोट्या मारल्या. आबांच्या खिशातला खडू. तो तिच्या हाती कधी लागला ते मला कळलं नाही. मी तिच्या तोंडात बोट घालून बघितलं, खाल्ला तर नाही ना.

"उतरलं की लगेच वापरू नकोस," लॅबनं बजावलं होतं. "जिथून उतरवतेस त्या पानावर आकड्या-अक्षरांची एक लांब शेपटी दिलेली असते. तुझ्याकडच्याची शेपटी काढ आणि जुळव. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर उतरवताना तुटलंय समज."

शेपटी जुळली नाही. पुन्हा उतरवलं. दुसऱ्या वेळी अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं. जुळलं. ओट्यावर पाणी भरायला आलेल्या बाईनं विचारलं, "कसली परीक्षा देतेस गं?"

*

लिनक्स पेनड्राइव्हवर चढवलं आणि तो लावून डबा सुरू केला. पडद्यावर दोन पर्याय आले. 'वापरून बघा' आणि 'बसवा'. भाषा मराठी निवडल्यामुळे तसं स्वच्छ लिहिलेलं. मी 'वापरून बघा'वर टिचकी मारली. नुसतं बघायला काय जातं.

आणि पडदा उजळला. निळा, मोकळा. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

"चकती?" ते म्हणाले.

चकती दिसत होती. उघडल्यावर वर एक सूचना आली. मी ती मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. लिहिलं होतं, की ही चकती मागच्या वेळी नीट बंद केलेली नाही, म्हणून फक्त वाचता येईल, तिच्यात लिहिता येणार नाही.

नीट बंद केलेली नाही.

आमच्या खोलीची आणि वर्कशॉपची भिंत एकच. त्या भिंतीवर पलीकडून मेन स्विच आहे. रोज दिवस मावळला, की आबा वर्कशॉपभर एक फेरी मारतात, गॅसची तोंडं हातानं चाचपतात आणि शेवटी मेन पाडतात. खाट् असा आवाज होतो. भिंत हादरते. आमच्या बाजूला झोळीत नुकती झोपलेली चिमी दचकते, कधी रडते. मी रोज त्या आवाजाची वाट बघत तिच्या पाठीवर हात ठेवून बसते. त्या खटक्याबरोबर पलीकडे कॉम्प्युटरही विझत होता. चालू असेल तसा. वर्षानुवर्षं.

आबांना कुणी काही बोलणं शक्य नव्हतं. त्यांचं पहिलं वर्कशॉप तारांच्या ठिणगीनं पेटलं होतं. हे तेव्हा आईंच्या पोटात होते. आबांच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अजून चकाकते. मेन पाडल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही.

"काय लिहिलंय?" ह्यांनी विचारलं.

"उघडतंय म्हणे," मी म्हणाले. "वाचता येईल."

नमुने सगळे होते. एकूण एक. ह्यांनी स्वतः दिलेल्या नावांनी: 'काका मोठं', 'मुरमाड', 'नाल्याकाठचा म्हातारा'. हे ती नावं वाचताना हसत होते आणि डोळे मनगटानं पुसत होते. मी सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. मग दिवसभर बसून दोघांनी डब्याला मशीनची ओळख करून दिली. कुठली मोटर कुठल्या तारेवर, किती फिरली की दांडा किती सरकतो. मशीनच्या तारेचं पिनांचं रुंद तोंड कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलं. संध्याकाळी दांडा हलला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आईंनी टाळी वाजवली म्हणून चिमीनंही वाजवली.

दिवस मावळला. मी चिमीला निजवायला आत गेले. हे हातपाय धुवायला गेले. खाट्.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा सुरू केला, तर पुन्हा तोच निळा, मोकळा पडदा. मोटरांची ओळख नाही, तारांची नाही. काहीच नाही. जणू आम्ही काल तिथे बसलोच नव्हतो.

"हे तुझं लिनक्स," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "दिवस गेला सगळा."

"सापडेल कुठेतरी."

"काय सापडेल? बाजार आलाय तोंडावर. मी बॅग भरतो. उगाच आशा लावून ठेवायची आबांना." त्यांनी हातातला पाना टेबलावर टाकला. लोखंडावर लोखंड. आत चिमी जागी झाली.

मी तिला तशीच उचलून ओट्यावर गेले. लॅब फोनवर ऐकत राहिली आणि एकदम हसली.

"'वापरून बघा'मध्येच सगळं केलंस?"

"मग? चालत होतं की."

"अगं वेडे, ते पाहुणं असतं. पाहुणा घरात हिंडतो, पाणी पितो, गप्पा मारतो. पण कपाटात कपडे लावत नाही. डबा बंद झाला की उठून गेला. ठेवायचं असेल तर 'बसवा' दाबावं लागतं."

"पण ते दाबलं की चकती पुसली जाते ना?"

"जाते. म्हणून तर आधी सामान काढलंस."

"एकच प्रत आहे माझ्याकडे."

"एक प्रत म्हणजे प्रत नाहीच, असं धर. दुसऱ्या जागी दुसरी ठेव. आणि नुसती नावं बघू नकोस. उघडून बघ एकेक."

मी लॅपटॉपवर दुसरी प्रत केली. एकेक नमुना उघडला. हे दाराशी उभे राहून लांबूनच बघत होते. 'नाल्याकाठचा म्हातारा' उघडला तेव्हा जवळ आले आणि म्हणाले, "ह्याचं टोक मी दोनदा बदललं होतं. बदललेलंच आहे का बघ." बदललेलंच होतं. मग ते माझ्या शेजारी टेकले.

'बसवा' दाबलं. पुढे लिहून आलं: चकतीवरचं सर्व काही पुसलं जाईल. खाली 'पुढे'. माझं बोट तिथे थांबलं. आई होण्याआधी मी अशी नव्हते. आता सुरी उचलली तरी तिचं टोक कुठल्या दिशेला आहे ते आधी बघते. दोन्ही प्रती ठेवल्यात, उघडून बघितल्यात, हे मी पुन्हा मोजल्यासारखं मनात म्हटलं. मांडीतली चिमी पुढे झुकली आणि तिनं माझ्या बोटावर आपला पंजा आपटला.

"घ्या," आई दारातून म्हणाल्या. "मालकिणीनं हुकूम दिला."

*

ह्या वेळी घाई केली नाही. लॅब म्हणाली होती, की मशीन जोडण्याआधी डबा अडखळतो का ते तपासायचं. त्यासाठी एक चाचणी असते. ती लावायची आणि डब्याला मुद्दाम छळायचं, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, ओढायच्या, आणि तो सर्वांत जास्त किती अडखळला तो आकडा बघत बसायचं. हे काम मला जमण्यासारखं होतं. मूल झोपेत श्वास कसा घेतं ते बघत बसायची सवय होतीच. आकडा थोडा वाढला, मग थांबला. हललाच नाही. मग मोटरांची, तारांची ओळख पुन्हा करून दिली आणि नमुने परत आत घेतले.

ज्योत लगेच लावायची नाही, असं ह्यांचं म्हणणं. त्यांनी कापायच्या तोंडाला चिमीचा, म्हणजे आबांचाच, खडू सुतळीनं बांधला. खाली काळा पत्रा टाकला. 'काका मोठं' उघडलं आणि चालू केलं.

दांडा सरकला. खडू टेकला, कुरकुरला, वळला, थांबला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. पत्र्यावर पातं उमटलं होतं. अगदी रेखीव. माझ्या नखाएवढं.

मग आबा मागून म्हणाले, "हे कुणाचं माप घेतलंय? मुंगीच्या रानाचं?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हे कपाळाला हात लावून बसले, आणि एकदम उठले. "अगं, आपण इंचात काढतो! इंच आणि सूत. हे त्याला मिलिमीटर समजतंय!"

हिशोब तोच, भाषा वेगळी. मी मशीनला इंच सांगितलं. खडू पुन्हा निघाला, आणि ह्या वेळी पातं पूर्ण आकाराचं आलं, हवा तसा बाक घेऊन. आबांनी खाली बसून त्याच्यावर वीत ठेवली. मग हातमोजे काढले आणि उघड्या बोटानं त्या खडूच्या रेघेवरून शेवटपर्यंत हात फिरवला. बोट थरथरत होतं. रेघ नव्हती थरथरत.

"उद्या ज्योत लावा," ते म्हणाले.

उद्या म्हणजे बाजाराचा दिवस. आणि त्याआधी ती संध्याकाळ होती.

ऊन उतरायला लागलं तशी माझी नजर भिंतीवरच्या मेनकडे जायला लागली. आता डब्यात पाहुणा नव्हता, घरचा माणूस होता. पण रोज असं ओढून पाडलं तर हाही एक दिवस उठायचा नाही. ह्यांना सांगितलं असतं तर ते आबांना बोलले असते, आणि कसे बोलले असते ते मला माहीत होतं. लॅबनं मला एक युक्ती सांगितली होती. पडद्यावर एक मोठं चौकोनी बटण करून ठेवायचं. एक टिचकी मारली, की डबा सगळं आवरून आपला आपण बंद होतो. त्या बटणावर काय लिहायचं ह्याचा मी बराच वेळ विचार केला. 'बंद करा' लिहिलं आणि खोडलं.

आबांची फेरी सुरू झाली. गॅसची तोंडं चाचपून झाली. मी चिमीला खांद्यावर घेऊन वर्कशॉपात गेले. ती पेंगत होती.

"आबा."

"हं?"

"चिमीला झोळीत टाकताना तुम्ही काय करता?"

"मी?" ते गोंधळले. "थोपटतो. डोळे लागले की हळूच ठेवतो. का गं?"

"एकदम सोडली तर?"

"असं कोण करतं?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. तेही बघायला लागले. पडद्यावर मधोमध बटण होतं आणि त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: निजवा.

आबा बराच वेळ ते वाचत राहिले. एकच शब्द होता. मग त्यांची नजर भिंतीवरच्या मेनकडे गेली, तिथून परत डब्याकडे आली. त्यांचा हात आपोआप कोपराच्या चकाकणाऱ्या कातडीवर गेला. त्यांना कळलं. त्यांना ते कळू नये असं मला वाटत होतं, आणि कळावं असंही.

"रोज मीच..." ते म्हणाले.

"मेन पाडायलाच हवा आबा," मी घाईनं म्हणाले. "चिमी इथे भिंतीपलीकडे झोपते. तुम्ही पाडता म्हणून मला झोप लागते. फक्त आधी ह्याला निजवायचं."

त्यांनी बोट पँटला पुसलं, माऊस असा धरला जसा कुणी पाखरू धरतं, आणि टिचकी मारली. पडद्यावरचं एकेक मिटत गेलं. पंखा हळू झाला.

*

बाजाराच्या दिवशी ह्यांनी भल्या पहाटे कॉम्प्रेसर लावला. ज्योत निळी उठली, पत्र्यात शिरली आणि दांडा निघाला. पातं सुटून खाली पडलं. आईंनी कानस उचलली, कडेवर धरली आणि बाजूला ठेवली. "मला काय काम राहिलं इथे?" त्या म्हणाल्या आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

ट्रॅक्टरवाले काका आले तेव्हा पाती रचून ठेवली होती. त्यांनी वरचं सोडून मुद्दाम खालचं उपसलं. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"नवीन घेतलंत वाटतं सगळं?"

"जुनंच आहे," आबा म्हणाले. "सुनेनं बोलायला शिकवलं."

बस आली. वळणावर तिचा हॉर्न दोनदा वाजला. हे टेबलाखाली आडवे होऊन एक सैल तार घट्ट करत होते. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय हलले नाहीत. हॉर्न लांब गेला. मग टेबलाखालून आवाज आला, "ती बॅग खाली करून दे जरा. कापलेले दाते भरायचेत."

बॅगेतले कपडे काढून मी कपाटात लावले. मावसभावाला ओट्यावरून कळवलं, की दुसरा माणूस घ्या. पुढच्या वर्षी काय होईल ते मला माहीत नाही. डबा जुनाच आहे आणि मी नमुन्यांच्या प्रती दर आठवड्याला करणार आहे, दोन जागी.

दिवस मावळला. चिमी खांद्यावर झोपली, मी तिला झोळीत ठेवलं आणि सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीकडे कान लावला. पावलं वाजली. गॅसची तोंडं चाचपून झाली. पावलं थांबली. मग दारात आबा आले, पायातलं बाहेर काढून, अंधारात वाकून, अगदी दबक्या आवाजात.

"निजली का गं?"

"निजली."

"तोही निजलाय," ते म्हणाले. "पंखा थांबेपर्यंत उभा होतो."

ते परत गेले. मी हात तसाच ठेवून वाट बघत राहिले. अंगणात पडलेला वर्कशॉपचा उजेड गेला तेव्हा कळलं, की मेन पडला. खटका झालाच नव्हता. त्यांनी दांडी दोन्ही हातांनी धरून हळूच खाली आणली असणार.